मेलोट्रॉन एम४००: कॉर्ड धरली की सूर उतरतो, डिजिटलवर मात्र नाही

कोमल_निषाद: मेलोट्रॉन म्हणजे पट्टी दाबली की त्या स्वराची ध्वनिमुद्रित टेप वाजवणारं वाद्य. माझ्या एम४०० वर चार-पाच पट्ट्या एकदम धरल्या की सूर उतरतो. डिजिटल एम४०००डी वर तेच व्हायोलिन ठाम उभं राहतं, पण निर्जीव वाटतं. त्यातले सॅम्पल (आवाजाच्या डिजिटल नकला) मूळ टेपांवरूनच घेतलेत ना? मग फरक कुठे पडतो? आणि एम४०० चं हे उतरणं घालवता येतं का? शिवाय दोन आवाजांचं मिश्रण दोन्हींवर कसं होतं?

रीळ_रबर: पट्ट्या ३५, टेपा ३५, मोटर मात्र एकच. पट्टी दाबली की रबरी रोलर टेपला कॅपस्टनवर (मोटरने फिरणाऱ्या दांड्यावर) चेपतो आणि पॅड तिला आवाज वाचणाऱ्या हेडला टेकवतो. रोलर फार आवळलेले असले की दाबलेली प्रत्येक पट्टी मोटरला ब्रेक लावते. रोलर आणि पॅड, दोन्हींचे स्क्रू पट्टीतच आहेत. एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त फिरवू नका. टेप घसरणार नाही इतकाच रोलर, आवाज दबका येणार नाही इतकाच पॅड.

एकच पट्टी थरथरत असेल तर तिच्या रोलरचा आस बघा. जुनं तेल चिकटून तो जड फिरतो. साफ करून सुईच्या टोकावर मावेल एवढंच तेल द्या. रबराला लागलं तर टेप घसरणारच. एकच पट्टी दाबली तरी सूर उतरत असेल तर मात्र स्क्रूंना हात लावू नका, मोटरचं कंट्रोल कार्ड तपासा. जुनं सीएमसी-१० हे कार्ड याबाबतीत बदनामच आहे.

सॅम्पलसम्राट: सॅम्पल म्हणजे त्या टेपचा एकच फोटो. खऱ्या वाद्यात पट्टी किती दाबून धरली यावर पॅडचा दाब, म्हणजे आवाजही, हलतो. प्लगइनवर (संगणकावरच्या मेलोट्रॉनवर) व्हेलॉसिटी, म्हणजे दाबण्याच्या जोराचा परिणाम, सपाट करा, लूप (आवाज पुन्हापुन्हा फिरवणं) बंद, रिलीज (पट्टी सोडल्यावर उरणारा आवाज) शून्य, आणि आवाज साधारण ८ सेकंदांत संपू द्या. लांब कॉर्ड हवी असेल तर बोटं कोळ्याच्या पायांसारखी आळीपाळीने उचलून ठेवा, सगळी एकदम नकोत. निम्मा जिवंतपणा तिथेच येतो. रिव्हर्ब ओतून तो येत नाही, हे कितीदा सांगायचं!

रीळ_रबर: 'मिश्रण' राहिलं. एम४०० च्या ३/८ इंची टेपवर ए, बी, सी असे तीन ट्रॅक असतात, प्रत्येकावर वेगळा आवाज. हेड ए आणि बी यांच्या मध्ये सरकवलं की दोन्ही ऐकू येतात, पण ए आणि सी एकत्र मिळत नाहीत. एम४०००डी वर कुठलेही दोन आवाज जुळतात. आणि नावांत घोळ नको: स्ट्रीटली कंपनीचं २००७ चं एम४००० खऱ्या टेपांचं आहे, 'डी'वालं वेगळं.

कोमल_निषाद: मधल्या सा ते प एवढ्याच पट्ट्या जड लागतायत. तिथले रोलर पाव फेरा सैल करून बघतो.