जुना होम थिएटर नव्या टीव्हीला कसा जोडायचा? बजेट १५००

राजारामपुरीकर:
मंडळी, ४३ इंची फोर-के टीव्ही घेतला, घेताना मागचे पोर्ट कुणी बघितलेच नाहीत. पप्पांचा जुना होम थिएटर आहे, त्याला नुसत्या लाल-पांढऱ्या पिनी लागतात, आणि डीव्हीडी प्लेअर पिवळी-लाल-पांढरीवाला. टीव्हीला तीन एचडीएमआय (एकावर एआरसी लिहिलंय), एक चौकोनी ऑप्टिकल, एक हेडफोनचं आणि तसलंच बारकं अजून एक, त्यावर एव्ही इन लिहिलंय. पप्पा म्हणतात टीव्हीतनं डब्यात तोंड घालून बोलल्यागत आवाज येतोय. होम थिएटर टाकायचा नाही, त्यांनी पहिल्या बोनसमधनं घेतलाय. काय आणू? १५०० च्या वर नको.

तांबडा_पांढरा:
भावा ते डबडं भंगारात घाल आणि साऊंडबार घे. मी १८ हजाराचा आणला, एआरसीला (टीव्हीचा आवाज बाहेर देणारं एचडीएमआय) एक वायर लावली, विषय संपला. टीव्ही चालू केला की बार आपोआप चालू. बेस तर नादखुळा, वरच्या मजल्यावरची मावशी दोनदा खाली येऊन गेली.

राजारामपुरीकर:
बजेट वर लिहिलंय की ओ.

पेठकर_७७:
साऊंडबारच घे, पण साधा एआरसीवाला नको, त्याचंच सुधारलेलं ईएआरसी बघून घे. एआरसी २००९ सालचं आहे, त्यातनं ५.१ (सहा स्पीकरचा आवाज) जातं ते दाबून जातं. आणि केबल एचडीएमआय २.१ चीच घे, माझी सोन्याच्या मुलाम्याची आहे, तीन हजार गेले पण रंग असला उठून दिसतोय म्हणून सांगू.

उचगाव_रिपेअर:
पेठकर, एचडीएमआयमध्ये केबलनं रंग उठत नाही. जातात ते आकडे, पोचले तर पूर्ण पोचतात, नाहीतर पडद्यावर ठिपके चमकतात नाहीतर डायरेक्ट काळं होतं. फोर-के ६० हर्ट्झला १८ जीबीपीएसची केबल बास होते, ४८ वाली गेम खेळणाऱ्यांना.

राजारामपुरीकर, तुमचं काम सोपं आहे. ऑप्टिकलमधनं आवाज उजेडाच्या केबलीनं डिजिटल येतो, तुमच्या लाल-पांढऱ्याला पाहिजे ॲनालॉग. मधे एक डबी लागते, दुकानात डॅक म्हणा नाहीतर ऑप्टिकल टू आरसीए म्हणा, पाच-सातशेत बसतं. जोडली की टीव्हीच्या साऊंड सेटिंगमध्ये जाऊन डिजिटल आउटपुट पीसीएम (साधा, न दाबलेला आवाज) करा. ते ऑटो नाहीतर डॉल्बीवर राहिलं तर स्वस्तातल्या डबीला उलगडत नाही, आवाजच येत नाही, आणि लोक डबी खराब म्हणून परत घेऊन येतात माझ्याकडं.

मिसळ_जादा_कट:
वर सांगितलंय तेच सांगतो, डॅक घ्या आणि पीसीएम करा. पण केबलच्या टोकाची टोपी काढा!! पारदर्शक बारकी टोपी असती दोन्ही टोकांना, मला दिसलीच नाही, तसंच रेटून बसवलं आणि तीन दिवस दुकानदाराच्या नावानं बोंबललो. शेवटी पोरगी म्हणाली बाबा हे निघतंय की. काढली तर टोकाला लाल उजेड दिसला.

रंकाळा_वारा:
विषय निघालाच आहे तर विचारतो, आमची फ्री डिश पाऊस आला की जाते. स्ट्रेंथ ९० दाखवतंय, क्वालिटी २०. एलएनबी (छत्रीच्या तोंडापुढची डबी) बदलून झाला.

पेठकर_७७:
मोठी छत्री लाव.

उचगाव_रिपेअर:
स्ट्रेंथवर जाऊ नका, त्यात नुसता गोंगाटही मोजला जातो. क्वालिटी बघा. जीसॅट-१५ उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे, छत्री बोटभर हलली तरी फरक पडतो. उघडीप असताना क्वालिटी बघत बघत हळू फिरवा, मग नट आवळा. आणि एफ कनेक्टर (डिशच्या वायरीच्या टोकाची पिन) उघडून बघा, आत हिरवं धरलं असेल तर पाणी शिरलंय, कापून नवीन घाला.

तांबडा_पांढरा:
आपल्या कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमची फुटबॉल मॅच डिशवर दिसत नाही तोपर्यंत मला उपग्रहाचं काय कौतुक नाही.

राजारामपुरीकर:
माझ्या डीव्हीडीचं कुणीतरी सांगा की.

उचगाव_रिपेअर:
त्या एव्ही इनला ३.५ ची पिन लागते, तीन काळ्या रेघांची. दोन रेघांची हेडफोनची असते, ती नको. दुसऱ्या टोकाला तीन रंग. टीव्हीच्या खोक्यात बघा, बऱ्याचदा तिथंच पडलेली असते. बाहेरची घेतली तर कंपनीगणिक आतली जोडणी वेगळी असती, चित्र नाही आणि स्पीकरमधनं भुर्रर्र आलं तर पिवळी नि लाल अदलाबदल करून बघा. चित्र मऊ दिसेल, त्याला इलाज नाही, आपल्याकडच्या डीव्हीडीत ५७६ च रेघा, टीव्हीला २१६०.

राजारामपुरीकर:
अपडेट देतो. डॅक आणला नाही. सांगायचं राहिलं, होम थिएटरचा रिमोट २०१९ च्या महापुरात सामान हलवताना गेला, तेव्हा आम्ही शुक्रवार पेठेत होतो. ऑप्टिकलचा आवाज आमच्या टीव्हीच्या रिमोटनं कमी-जास्त होत नाही असं मॅन्युअलमध्ये निघालं, म्हणजे पप्पांनी दर जाहिरातीला उठायचं. मग हेडफोनच्या होलातनंच लाल-पांढरीची वायर काढली, १३० रुपये. आता आवाज टीव्हीच्याच रिमोटनं. तीन रंगांची वायर खोक्यात थर्माकोलखाली होती. भुर्रर्र आलंच नाही, पहिल्या झटक्यात चित्र.

उचगाव_रिपेअर:
रिमोटचं आधी सांगायचं की राव. हेडफोनमधनं आवाज डॅकइतका स्वच्छ येणार नाही. टीव्ही ७० वर ठेवा आणि होम थिएटरची चकती कमी करा, उलटं केलं तर फुसफुस वाढते.

राजारामपुरीकर:
केलं. फुसफुस आहे थोडी, पप्पांना ऐकू येत नाही. दुपारपासनं आत्याच्या लग्नाची डीव्हीडी तिसऱ्यांदा लागलीय.

पेठकर_७७:
तरी साऊंडबार घ्यायला पाहिजे होता.