अनुभव धागा: एसी/डीसी प्रत्यक्ष पाहिलेल्यांनी इथे लिहा

सिडनीत १९७३ साली माल्कम आणि अँगस या दोन यंग बंधूंनी, दोघेही गिटारवादक, सुरू केलेला हा रॉक बँड पन्नाशी उलटली तरी स्टेडियमं भरतोय. ‘पॉवर अप’ दौरा २०२४ला युरोपात सुरू झाला आणि २०२५च्या अखेरीस ऑस्ट्रेलियात पोचला. परदेशातली बरीच मराठी मंडळी जाऊन आली असणार. तर येऊ द्या. गिटारवादनावर प्रबंध नको, तुमच्या डोळ्यांसमोर काय घडलं ते हवं. जुने अनुभवही चालतील, धावतील.

डब्लिनकर
क्रोक पार्क, ऑगस्ट २०२४. बाहेर रस्त्यावरच लुकलुकणारी लाल शिंगं विकायला होती. टक्कल पडलेले आजोबा आणि त्यांची नातवंडं सारखीच शिंगं लावून रांगेत! अंधार पडल्यावर अख्खं मैदान लाल ठिपक्यांनी भरून गेलं.

गायक ब्रायन जॉन्सन तेव्हा ७६ वर्षांचा. वरच्या पट्टीत आवाज फाटतो, खोटं कशाला बोला. पहिल्या दोन-तीन गाण्यांना धाकधूकच होती. पण ध्रुवपदं लोकच म्हणत होते आणि तो टोपीखालून मिश्कील हसत माइक पुढे करत होता.

माझी नजर मात्र ठेक्याची गिटार वाजवणाऱ्या स्टीव्ही यंगवरून हलेना. माल्कम यंग २०१७ साली गेला. त्याच्या जागी हा पुतण्या. मागे अ‍ॅम्पच्या भिंतीला चिकटून उभा. ध्रुवपद आलं की तो आणि बासवाला एकदम पुढे माइकपाशी यायचे, ओरडून झालं की आल्या पावली मागे. माल्कमचीही हीच रीत होती. अँगस शाळेचा गणवेश घालून ६९व्या वर्षी एका पायावर उड्या मारत स्टेजभर हुंदडतो, ते मागचा हा माणूस ठेका सोडत नाही म्हणून. टाळकरी पक्के असले की बुवांना कुठेही भरकटता येतं, त्यातली गत. मधेच अँगसनं गळ्यातला टाय काढून तारांवर घासला. मोठ्या पडद्यावर त्याच्या हनुवटीवरून गळणारा घाम दिसत होता. शेवटी तोफा उडाल्या तेव्हा शेजारच्या बाईंनी माझा दंड गच्च धरला, मग ‘सॉरी’ म्हणून पुन्हा धरला.

जुना टोरंटोकर
तुमच्यापेक्षा भाग्यवान, मी माल्कमला पाहिलंय! जुलै २००३, डाउन्सव्ह्यू पार्क. सार्सच्या साथीनं शहराची रया गेली होती, पर्यटक फिरकेनात, म्हणून हा भलामोठा जलसा ठेवला होता. साडेचार लाखांच्या आसपास माणूस. उन्हात पाण्यासाठी मारामार. जस्टिन टिंबरलेकवर लोकांनी बाटल्या फेकल्या, ते काही मला पटलं नाही. रात्री मुख्य मान रोलिंग स्टोन्सचा, पण त्यांच्या आधी एसी/डीसी आले आणि माझ्या मते मैदान तिथेच मारलं. नंतर दोघे यंग भाऊ स्टोन्सबरोबरही एक गाणं वाजवून गेले. आम्ही इतके मागे होतो की माल्कम म्हणजे तांदळाएवढा ठिपका. पण त्याची गिटार छातीत येऊन बसत होती.

सहावी तार
लिस्बन, मे २०१६. ब्रायनला डॉक्टरांनी सांगितलं होतं, थांबला नाहीस तर कान कायमचे जातील. त्याच्या जागी ‘गन्स अँड रोझेस’चा गायक अ‍ॅक्सल रोझ! तोही पाय मोडलेला, सिंहासनात बसून गाणारा. वर पाऊस. मी नाक मुरडतच गेलो होतो. आवाजाला नावं ठेवायला जागा नव्हती, वरचे सूर लख्ख लागत होते. तरी ‘हेल्स बेल्स’ गाण्याला स्टेजवर ती भलीमोठी घंटा खाली आली तेव्हा चुकल्यासारखं झालंच. तिच्याखाली ब्रायनच हवा.

लेकासोबत
मेलबर्न, नोव्हेंबर २०२५. मुलाची बँडशी ओळख ‘आयर्न मॅन २’ सिनेमातल्या त्यांच्या गाण्यांमुळे, माझी नवऱ्याच्या कॅसेटींमुळे. एमसीजी एरवी आपल्याला क्रिकेटसाठी माहीत. त्या रात्री कंपनं भूकंपमापकांवर नोंदली गेली म्हणे. पोरगं दोन तास बसलं नाही. सगळी गाणी एकसारखी वाटतात, हे माझं मत कायम आहे, पण त्याला सांगितलेलं नाही.

काठावरचा
वाचून खाज सुटली. पुढे योग आलाच तर तिकीट उभ्याचं काढावं की गॅलरीचं?

डब्लिनकर
गुडघे धड असतील तर उभ्याचं, पण स्टेजवरून प्रेक्षकांत येणाऱ्या मधल्या वाटेच्या टोकापाशी जागा धरा, अँगस तिथवर येतो. आणि कानात बोळे घालाच. ब्रायनचं काय झालं ते वर वाचलंत ना?