मदत हवी आहे: अँबेसेडर मार्क ४ पेट्रोल, तीन नंबर मिसिंग, कार्बोरेटरमधून फटफट. कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा उंचवट्यांचा दांडा) गेला असेल का?

कृष्णाकाठचा

नमस्कार मंडळी. गाडी १९८६ ची अँबेसेडर मार्क ४, पेट्रोल, १४८९ सीसी, म्हणजे जुनं बीएमसीचं (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं) बी-सिरीज इंजिन. वडिलांची आहे. बरीच वर्षं शेडमध्ये उभी होती. आता नीट करून लग्नसराईत नवरदेवाला देतो, सांगली-मिरजेकडे अजून मागणी आहे.

तक्रार अशी. सेल्फ मारला की लगेच सुरू होते, आयडलला जराशी थरथरते. पण चढ लागला किंवा पाय दाबला की मिसिंग मारते आणि कार्बोरेटरमधून फट-फट-फट. वरून टकटकही येते. टॅपेट (कॅमवर टेकून व्हॉल्व्हकडे धक्का पोचवणारे ठोकळे) सेट केले की थोडे दिवस बरी, मग परत सुरू.

बदलून झालेलं सामान: प्लग, पॉइंट, कंडेन्सर, डिस्ट्रिब्युटरची कॅप, प्लगच्या वायरी. कार्बोरेटर खोलून धुतला, टायमिंग तपासलं. चालू इंजिनवर प्लगच्या वायरी एकेक करून काढल्या, तर तीन नंबरची काढल्यावर आवाजात काडीचा फरक नाही. चार नंबरची काढली तर किंचित पडतो.

आमचे मिस्त्री म्हणतात व्हॉल्व्ह जळलाय, हेड उतरवू. दुसरे एक जण म्हणतात कॅम घासलाय, इंजिन खाली घ्या. दोन्ही खर्चांत जमीन-अस्मानाचं अंतर. उघडायच्या आधी ठरवता येईल का? श्रावण आहे तोवर उरकायचंय, तुळशीच्या लग्नानंतर गाडीला सवड नसते.

घाटमाथा

तीन आणि चार शेजारी-शेजारी, दोन्ही कमजोर. हेड पॅकिंग (हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं गॅस्केट) मधल्या पट्टीत उडालंय, डोळे झाकून सांगतो. रेडिएटरचं झाकण काढून बुडबुडे येतात का बघा.

थाऊमास्तर

डोळे उघडे ठेवून सांगू या. दादा, आधी कॉम्प्रेशन घ्या. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. तीन आणि चार दोन्ही खाली असतील तर घाटमाथा म्हणतात ते पॅकिंग. एकटा तीन खाली असेल तर प्लगच्या भोकातून दोन चमचे ऑइल टाकून परत घ्या. आकडा वर आला तर रिंगा, नाही आला तर व्हॉल्व्ह. आणि चारही सारखे आले तर हेडला हात लावू देऊ नका.

कृष्णाकाठचा

घेतलं. चारही १२० ते १३० पौंडांच्या दरम्यान. तीन नंबर १२५. बुडबुडे नाहीत. मिस्त्री म्हणतात गेज खराब आहे.

थाऊमास्तर

गेज खराब असता तर चारही चुकीचे दाखवले असते, पण सारखेच दाखवले असते. आपल्याला फरकाशीच मतलब आहे.

आता लिफ्ट मोजा, म्हणजे कॅम प्रत्येक टॅपेटला किती उचलतो ते. टॅपेटचा गॅप आणि लिफ्ट या वेगळ्या गोष्टी, आणि गोंधळ इथेच होतो. गॅप आपण कॅमच्या गोल बाजूला सेट करतो. उंचवटा झिजून अर्धा राहिला तरी फिलर गेज १५ थाऊ (इंचाचे हजारावे भाग) बरोबरच दाखवणार. म्हणून टॅपेट "सेट" असूनही व्हॉल्व्ह पुरता उघडत नाही. तुमचा गॅप परत परत वाढतो, तो बहुधा टॅपेटचा तळ खाल्ला जातोय म्हणून.

रॉकर कव्हर काढा, प्लग काढून ठेवा, इंजिन हँडलने फिरवा. डायल गेजची टोच रॉकरच्या (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या आडव्या दांडीच्या) पुशरॉडकडच्या (टॅपेटवरून वर येणाऱ्या काडीकडच्या) टोकावर, ॲडजस्टिंग स्क्रूच्या डोक्यावर टेकवा. व्हॉल्व्हच्या टोकाकडे लावू नका, तिकडे रॉकरची झीज आकड्यात मिसळते. मोजण्यापुरता प्रत्येक गॅप शून्यावर आणा, नाहीतर गॅपही लिफ्टमध्ये धरला जाईल. आठही मोजून कागदावर लिहा. पुढून मागे क्रम असा: एक्झॉस्ट, इनलेट, इनलेट, एक्झॉस्ट, एक्झॉस्ट, इनलेट, इनलेट, एक्झॉस्ट.

हात लावलाच आहे तर पुशरॉड काचेवर लोळवून बघा. वाकलेला असेल तर स्वस्तात सुटलात.

कृष्णाकाठचा

मास्तर, लेथवाल्याकडून डायल गेज मागून आणला. सात जणांत आपसात फरक जेमतेम ०.१ मिमीचा. पाच नंबर त्यांच्यापेक्षा दीड मिमीने कमी!! पुशरॉड सरळ आहेत, पाचवा दुसऱ्या जागी घालून पाहिला तरी तेच.

थाऊमास्तर

पाच नंबर म्हणजे तिसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट. झालं निदान.

फटफट का, तेही सांगतो. एक्झॉस्ट पुरता उघडत नाही, जळका गॅस आतच साठतो. मग इनलेट उघडला की तो उलटा मॅनिफोल्डमध्ये शिरतो आणि ताज्या मिक्श्चरला पेटवतो. सेल्फवर इंजिन सावकाश फिरतं, तेवढ्या वेळात सिलिंडर रिकामा होतो, म्हणून कॉम्प्रेशन ठीक येतं. पाय दाबला की वेळ पुरत नाही. आणि चार नंबर का लंगडतो? या हेडमध्ये तीन आणि चारचं इनलेट पोर्ट एकच आहे, एक-दोनचंही तसंच. फायरिंग ऑर्डर १-३-४-२, म्हणजे तीनच्या पाठोपाठ चार ओढतो आणि तीनने ओकलेलं त्याच्या वाट्याला येतं.

घाटमाथा

मानलं मास्तर. माझं पॅकिंग मागे घेतो. पण गेला कशाने? माझ्या मते हल्लीच्या ऑइलमुळे. झिंक काढून टाकलंय सगळ्यांनी, जुन्या इंजिनांची वाट लागली.

एमजीवाला

कॉव्हेंट्रीहून लिहितोय. माझ्याकडे एमजीबी आहे, त्यात याच बी-सिरीजचं १७९८ सीसीचं भावंड. इकडच्या क्लबात झिंकवर कायम भांडणं चालतात, पण ते अर्धंच खरं आहे. २००४ मध्ये एपीआय एसएम हे ऑइलचं मानक आलं आणि फॉस्फरसवर ०.०८ टक्क्यांची मर्यादा आली, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होऊ नये म्हणून. झिंक आणि फॉस्फरस एकाच ॲडिटिव्हमधून येतात, त्यामुळे झिंकही घटलं. पण ती मर्यादा ५डब्ल्यू३०, १०डब्ल्यू३० असल्या पातळ ग्रेडना. २०डब्ल्यू५० ला लागू नाही. आपल्या गाड्यांत तेच घालतात ना?

या इंजिनात कॅमच्या उंचवट्यांना ऑइल मुख्यतः उडून मिळतं. खूप वेळ मंद आयडल ठेवलं की उडणंही कमी. शिवाय टॅपेट फिरला पाहिजे. उंचवटा किंचित तिरका असतो, टॅपेटचा तळ किंचित फुगीर, त्यामुळे तो प्रत्येक धक्क्याला जरासा वळतो आणि झीज सगळीकडे वाटली जाते. फिरायचा थांबला की एकाच रेषेवर घासत राहतो, मग बघता बघता जातो.

कृष्णाकाठचा

२०डब्ल्यू५० च आहे. पण मंद आयडलचं वाचून डोक्यात प्रकाश पडला. वरात! दोन-दोन तास पहिल्या गिअरमध्ये, नाहीतर नुसती उभी, पुढे बँजो आणि गाडी आपली फुरफुरतेय. त्याआधी वर्षानुवर्षं शेडमध्ये.

थाऊमास्तर

उभ्या गाडीत ऑइल निथळून जातं, कॅमवर गंज धरतो. गंजाचे बारीक खड्डे पडले की वरचं काम वरातीने केलं. पटण्यासारखं आहे.

खात्री करायची तर इंजिन न उतरवता अजून एक होतं. मॅनिफोल्ड काढा, त्याखाली ब्लॉकच्या कुशीला दोन पत्र्याची झाकणं दिसतील. रॉकर शाफ्ट आणि पुशरॉड काढले की तिथून टॅपेट हाताने बाहेर येतात. प्रत्येकाला नंबराची चिठ्ठी लावा, ते आपापल्या जागीच परत गेले पाहिजेत.

कृष्णाकाठचा

केलं. पाच नंबरच्या टॅपेटच्या तळाला वाटीसारखा खड्डा, कडा ब्लेडसारख्या. दोन नंबरवरही बारीक टोचे आहेत. बाकीचे चकचकीत.

आता प्रश्न. मिस्त्री म्हणतात एक टॅपेट नवा टाकू, कॅम राहू दे. उद्यमनगरात कोल्हापूरला कॅम भरून ग्राइंड करून मिळेल असं एक जण म्हणाला. आणि एमजीवाले, तुमच्याकडचा एमजीबीचा कॅम बसेल का?

एमजीवाला

नुसतं चित्र बघून मागवू नका. ऑइल पंपाचा ड्राइव्ह, बेअरिंगचे माप, उंचवट्याचा आकार, सगळं जुळवून बघावं लागेल. टॅपेट मात्र मापं पाठवलीत तर इथे चौकशी करतो.

थाऊमास्तर

एक टॅपेट नवा, कॅम जुना: पैसे पाण्यात. खरबडीत उंचवटा नवा टॅपेट खाऊन टाकेल. उलटंही तेच, नवा कॅम जुन्या टॅपेटवर कधीच नाही. कॅम आणि आठ टॅपेट एकदम, यात काटकसर नको.

ग्राइंडिंगचं म्हणाल तर थोडी झीज असेल तेव्हा ठीक. इथे दीड मिमी गेलंय. न भरता ग्राइंड करायचं तर बाकीचे सातही तेवढे उतरवावे लागतील, वरचा कडक थर निघून जाईल. भरून करणारा असेल तर त्याला विचारा, भरल्यानंतर कडकपणा कसा आणि किती देतोस. उत्तर टाळलं तर चहा पिऊन परत या. मी असतो तर नवा किंवा न वापरलेला जुना साठ्यातला शोधला असता. दुकानात "पेट्रोलचा" असं ठासून सांगा. डिझेल इंजिनही १४८९ सीसीच होतं, सीसी सांगून मागितलात तर भलताच हातात पडेल.

कामाचं म्हणाल तर मी इंजिन उतरवूनच करतो. ऑइल पंप कॅमवरूनच फिरतो, म्हणजे चेंबर (खालची ऑइलची टाकी) खोलून पंप आणि त्याचा शाफ्ट काढल्याशिवाय कॅम सरकत नाही. डिस्ट्रिब्युटरचा गिअरही आधी काढायचा, पण एक नंबर फायरिंगला आणून त्याच्या खाचेचा फोटो काढून मगच. पुढे टायमिंग कव्हर, चेन, मग कॅमची तीन बोल्टची पट्टी. बसवताना दोन्ही चाकांवरच्या खुणा समोरासमोर. चेंबर खाली आलाच आहे तर जाळी धुवा, तो दीड मिमी लोखंड कुठेतरी गेलंय, बेअरिंगही बघून घ्या.

आणि पहिला स्टार्ट. उंचवट्यांवर आणि टॅपेटच्या तळाला कॅमची असेंब्ली पेस्ट, पंपात ऑइल भरलेलं, कार्बोरेटरमध्ये पेट्रोल, टायमिंग आधीच जुळवलेलं. सुरू झाली की लगेच १५०० ते २५०० आरपीएम, खालीवर करत वीस मिनिटं. आयडल नाही. मिस्त्री कौतुकाने आयडल ऐकायला जातात, त्यांना तेवढा वेळ लांब ठेवा. नंतर ऑइल आणि फिल्टर बदला.

घाटमाथा

नऊचा हिशोब माहीत आहे ना? टॅपेट सेट करताना आठवा पूर्ण उघडा असेल तेव्हा एकचा गॅप, सातवा उघडा तेव्हा दोनचा. बेरीज नऊ. एवढं तरी माझं बरोबर आहे!

कृष्णाकाठचा

ते मिस्त्रींनाही माहीत नव्हतं, लिहून घेतलं त्यांनी. इंजिन सोमवारी उतरवतोय. कोणाकडे पेट्रोलचा कॅम पडून असेल किंवा दुकान माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, पुणे-कोल्हापूर कुठेही येतो. एमजीवाले, टॅपेटची लांबी आणि व्यास व्हर्नियरने मोजून रात्री पाठवतो. मास्तर, कॅमच्या बुशना किती खेळ चालेल?

थाऊमास्तर

बाहेर आल्यावर जर्नल आणि बुश दोन्ही मोजून इथे टाका, मग बोलू. ऑइल प्रेशर गरम इंजिनवर किती होतं, तेही सोमवारच्या आधी बघून ठेवा. उतरवल्यावर कळणार नाही.