बेस 'घुमतो' म्हणजे नक्की काय? (घुमणं, दणका, फाटणं)

तापीकाठ:
अहिराणी गाण्यांचे डान्स मिक्स करतो, जळगावात. लॅपटॉपवर बेसलाइन बसवून लग्नातल्या डीजेवाल्या भाऊंना पेनड्राइव्ह दिला की निरोप येतो तो याच तीन शब्दांत, घुमतो, दणका नाही, फाटतो. आणि आपण लगेच इक्यूला (जाड-बारीक आवाज कमीजास्त करायची सोय) हात लावतो. मला वाटतं तिन्हींचा अर्थ वेगळा आहे आणि इलाजही वेगळा. त्यातही 'बेस घुमी ऱ्हायना भो', म्हणजे बेस घुमतोय भाऊ, ही तक्रार समजायची की कौतुक? तबल्याच्या बायाला घुमारा आहे म्हणतो तेव्हा तर कौतुकच असतं.

धुळेकर साऊंड:
भाऊ, कुठे ऐकून म्हणाला ते आधी विचारा. बंद खोलीत घुमतो म्हटलं तर ती तक्रारच, आणि बऱ्याचदा गाण्याची नाही, खोलीची. साडेतीन मीटर रुंद खोली धरा, आवाजाचा वेग सेकंदाला 343 मीटर, त्याला दुप्पट रुंदीने म्हणजे 7 ने भागा, 49 हर्ट्झ आले. खालचा जी (G) सूर बरोबर तिथेच बसतो, म्हणून बेसलाइनमधला तेवढाच एक सूर फुगतो आणि बाकीचे नीट. तुम्ही तो सूर लॅपटॉपवरच्या इक्यू प्लगइनमधे कापला की मैदानात तिथे खड्डा पडणार. मोकळ्या मैदानातसुद्धा घुमतोय म्हणाले तर मात्र गाण्यात बघा, नोटा लांब सोडल्यात नाहीतर सबवर, म्हणजे अगदी खालच्या बेसवर, रिव्हर्ब (हॉलसारखा गुंजारव) टाकलाय. रिव्हर्ब द्यायचाच तर बेसचे दोन भाग करा, 100 हर्ट्झच्या खालचा कोरडा आणि मोनो (डाव्या-उजव्या स्पीकरला एकच), इफेक्ट सगळे वरच्या भागावर.

शहाद्याचा:
दणका हा शब्द आवाजाच्या मोठेपणाचा नाहीच, तो सुरुवातीच्या ठोक्याचा आहे. किक (ड्रमचा जाड ठोका) आणि बेस एकाच क्षणी एकाच हर्ट्झच्या पट्ट्यात आले की दोघं एकमेकांना खातात, मग कितीही वाढवा. साइडचेन कॉम्प्रेसर लावा, किक वाजली की बेस दबेल आणि परत वर येईल. 128 बीपीएमला एक ठोका साधारण 469 मिलिसेकंदांचा, रिलीज, म्हणजे बेस परत वर यायचा वेळ, 150 मिलिसेकंदांच्या आसपासपासून सुरू करून कानाने ठरवा, पुढच्या किकच्या आत बेस पूर्ण वर आलाच पाहिजे. आणि एकदा बेसची पोलॅरिटी (लहरीची वर-खाली दिशा) उलटी करून बघा, ज्या बाजूने भरीव वाटेल ती ठेवा, हे कोणी करतच नाही.

फाटणं सोपं आहे, लेव्हल डोक्यावर गेली. पण मुद्दाम दिलेल्या सॅचुरेशनला (आवाजाला दिलेली हलकी खरखर) फाटणं म्हणू नये. 50 हर्ट्झच्या सुरावर ते 100, 150, 200 असे वरचे सूर चढवतं, आणि मोबाइलच्या स्पीकरला 50 झेपत नसला तरी वरचे ऐकून कान खालचा सूर स्वतः भरून घेतो. आपलं निम्मं पब्लिक मोबाइलवरच ऐकतं, त्यामुळे हा इफेक्ट मला सगळ्यात कामाचा वाटतो.

तापीकाठ:
हे पटलं. अजून एक, ॲसिड (टीबी-303 च्या आवाजावरचं डान्स संगीत) बेसलाइनमधल्या स्लाइडला, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सरकण्याला, शास्त्रीय संगीतातली मींड म्हणावं का? टीबी-303 या बेस सिंथेसायझरवर राग वाजवणारे चरणजित सिंग तर आपल्या मुंबईतलेच, तेही 1982 मधे.

धुळेकर साऊंड:
मी नाही म्हणणार. 303 मधे दोन सुरांत अंतर कितीही असो, सरकायला वेळ जवळजवळ तेवढाच लागतो, आणि सरकताना एन्व्हलप (सुराचा चढ-उतार) नव्याने सुरू होत नाही, म्हणून तो ओला आवाज येतो. मींडेत वेळ आणि वळण दोन्ही वाजवणाऱ्याच्या हातात. सॉफ्टवेअरमधे मींड हवी असेल तर पिच बेंडची (सूर वर-खाली वाकवायची) रेघ हाताने काढा. नुसती 303ची चाल हवी असेल तर सिंथ मोनो करा (इथे अर्थ एका वेळी एकच सूर), लेगाटो (सूर न तोडता जोडणं) चालू करा आणि पहिली नोट दुसरीवर थोडी चढवा, आणि त्याला स्लाइडच म्हणा.