मदत हवी आहे : परसात पडलेल्या आंब्याचे लग्नापुरते जळण घरच्यांनी मिळून कसे तयार करावे?

नमस्कार. आम्ही नवी मुंबईतील घणसोली गावठाणात राहतो. यंदाच्या पावसाळ्यात वादळी वाऱ्याने आमच्या परसातील जुना आंबा मुळासकट उन्मळून पडला. महापालिकेला रीतसर कळवून पंचनामा झाल्यानंतर आम्ही त्याचे हात-दीड हात लांबीचे ओंडके कापून घेतले असून ते सध्या परसातच पडून आहेत. येत्या वैशाखात धाकट्या दिरांचे लग्न आहे. हळदीच्या दिवशी मटण आणि तांदळाच्या भाकऱ्या चुलीवरच व्हाव्यात, अशी सासूबाईंची इच्छा आहे. आणि ज्या झाडाचे आंबे या घराने पिढ्यान्‌पिढ्या खाल्ले, त्याचेच जळण त्या चुलीला लागावे, असे आम्हा सर्वांना मनापासून वाटते.

पहिला प्रश्न वेळेचा आहे. दिवाळीनंतर फोडायला घेतले, तर वैशाखापर्यंत हे लाकूड धूर न करता जळण्याइतके वाळेल का, की ओंडके तसेच ठेवून उन्हाळ्यात फोडणे बरे? परस अरुंद आहे आणि थप्पी रचायला जागा आहे ती नेमकी घराच्या भिंतीलगत. तेथे रचल्यास वाळवी घरात शिरेल, अशी भीती वाटते.

दुसरा प्रश्न माझ्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. कुऱ्हाड चालवण्याचे खरे कसब घरात फक्त सासऱ्यांकडे आहे. त्यांचे वय सत्तरीच्या पुढे असून उजवा खांदा दुखतो, तरीही हे काम त्यांच्या हातून व्हावे अशी त्यांची इच्छा आहे आणि ती मोडणे आम्हांला नको आहे. यजमान आणि दोघे दीर कुऱ्हाडीला नवखे आहेत. मुलगी नववीत आणि मुलगा चौथीत आहे. दोघांनाही या कामात सहभागी करून घ्यायचे आहे. कोणाला इजा न होता आणि सासऱ्यांचा मान राखून रविवारची कामे कशी वाटावीत?

जळण कमी पडल्यास गवळीदेवाच्या डोंगरावरून वाळकी लाकडे आणावीत, असे एका नातेवाइकांनी सुचवले. वनजमिनीवरून परवानगीशिवाय लाकूड उचलणे भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार गुन्हा ठरू शकतो, म्हणून आम्ही त्यास नकार दिला. न्हावाशेवा बंदराच्या परिसरातील गोदामांतून मिळणारी मोडकी पॅलेट (माल ठेवायच्या लाकडी चौकटी) चुलीत चालतील का, हेही जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद

ताई, उन्हाळ्याची वाट पाहू नका. लाकडातले पाणी साल असलेल्या बाजूने फार हळू निघते. ते मुख्यतः कापलेल्या तोंडांतून आणि फोडलेल्या अंगांतून जाते. ताज्या लाकडाच्या वजनात बरेचदा निम्मे पाणीच असते आणि चुलीसाठी ओलावा वीस टक्क्यांच्या खाली यावा लागतो, नाहीतर बरीच आच पाणी उडवण्यातच खर्च होऊन भाकऱ्या करणाऱ्यांच्या डोळ्यांत धूर जातो. दिवाळीनंतर लगेच मनगटाएवढ्या जाडीच्या चिरफळ्या केल्यात, तर आपल्याकडचा कोरडा हंगाम त्यांना पुरेसा आहे.

थप्पी भिंतीपासून किमान हातभर दूर, विटांवर आडव्या फळ्या टाकून रचावी, म्हणजे खालून हवा खेळेल आणि वाळवीची मातीची नळी चढू लागली तर लगेच दिसेल. वरून पत्रा ठेवावा, पण बाजू उघड्याच राहू द्याव्यात. ताडपत्रीने सगळी थप्पी गुंडाळली की आत बुरशी धरते. साल सुटत असेल तेथे काढून टाकावी, कारण लाकूड पोखरणारे किडे बहुधा तिच्याखाली आसरा घेतात. कीटकनाशक मात्र फवारू नका, त्याचा धूर अन्नाला लागेल.

आंब्याचे तंतू अनेकदा एकमेकांत गुंतलेले असतात, त्यामुळे मध्यावर घाव घातल्यास कुऱ्हाड अडकते. ओंडका कडेकडेने सोलल्यासारखा फोडावा. खरे कसब कुठे घाव घालायचा हे ओळखण्यात असते आणि ते तुमच्या सासऱ्यांपाशी आहे. त्यांनी खुर्चीवर बसून प्रत्येक ओंडक्यावर खडूने रेघ मारावी आणि ती रेघ उमटल्याशिवाय कोणीही कुऱ्हाड उचलू नये. यजमान आणि दिरांनी लोखंडी पाचर आणि घण वापरावा. नवख्या हाताला तो कुऱ्हाडीपेक्षा सोपा पडतो. गाठी असलेले ओंडके अजिबात फोडू नका, ते मटणाच्या मोठ्या चुलीला अखंडच लावता येतील. पायांत बंद बूट आणि डोळ्यांना चष्मा हवा. फोडणाऱ्याच्या आसपास चार-पाच हातांत कोणी उभे राहता कामा नये. आंब्याच्या चिकाने काहींच्या कातडीला फोड येतात, म्हणून ओले तुकडे उचलताना हातमोजे घालावेत.

मुलीकडे मोजणीचे काम द्यावे. दोन-चार चिरफळ्यांवर पेन्सिलीने वजन लिहून दर पंधरा दिवसांनी तिने त्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलाव्यात. वजन उतरायचे थांबले की लाकूड वाळले असे समजावे. लहानग्याने, फोडणे थांबल्यावर, ढलप्या गोळा करून पोत्यात भराव्यात, चूल पेटवायला त्याच लागतात. थप्पी सासूबाई आणि जाऊबाईंनी रचावी.

पॅलेटवरचा शिक्का पाहावा. ‘एचटी’ म्हणजे उष्णतेने प्रक्रिया केलेले. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेले, ते घरात आणूच नये. ‘एचटी’ असले तरी गोदामात त्यावर कोणते रसायन सांडले असेल हे कळत नाही, म्हणून अन्नाच्या चुलीला मी ते वापरणार नाही. कमी पडले तर वखारीतून बाभळीचे जळण घ्यावे.

धागाकर्तीचे उत्तर

मनःपूर्वक आभार. खडूच्या रेघेची गोष्ट सासऱ्यांना सांगितली आणि त्यांनी ती मान्य केली आहे. एकच शंका उरली आहे : बुंध्याचे तीन ओंडके कमरेएवढे जाड आहेत. ते पाचरीने फुटतील, की आधी त्यांच्या उभ्या फळ्या पाडून घ्याव्यात?