शब्दचर्चा : दान, देणगी, मदत… की हातभार?

परभणीहून प्रश्न

परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकून बाहेर पडलेले आम्ही पंधरा-वीस जण मिळून निधी उभा करतोय. घरची परिस्थिती बेताची असलेल्या मुलामुलींची मेस आणि पुस्तकं त्यातून भागवायची, आणि ज्यांच्या हाताशी पैसा नाही त्यांच्या जनावरांचं ऑपरेशन, औषधपाणी करायचं. पत्रक लिहायला बसलो आणि पहिल्याच ओळीला अडकलो. ‘दान करा’, ‘देणगी द्या’ की ‘मदत करा’? एक मित्र म्हणतो, तिन्ही एकच. मला पटत नाही. शिवाय ‘पाळीव प्राणी’ लिहावं की ‘जनावरं’? जाणकारांनी सांगावं.

अंबाजोगाईहून

तिन्ही एकच नाहीत. दान देताना हातावरून पाणी सोडायची रीत होती. त्यावरूनच ‘एखाद्या गोष्टीवर पाणी सोडणं’ म्हणजे तिच्यावरचा हक्क सोडणं. दान दिलं की हिशोब विचारायचा नाही. देणगीचं तसं नाही, तिला पावती असते, आणि पैसा कुठं लागला हे विचारायचा देणगीदाराला अधिकार असतो. कुठल्याही मोठ्या देवस्थानात बघा, गाभाऱ्याजवळ ‘दानपेटी’ असते आणि बाहेर खिडकीवर ‘देणगी कक्ष’ लिहिलेलं असतं. पेटीत टाकणाऱ्याचं नाव कुणी विचारत नाही, खिडकीवर नाव-पत्ता लिहून घेतात. तुम्ही ऑपरेशनचा खर्च लोकांना दाखवणार असाल, तर पावतीवर ‘देणगी’च छापा.

‘वर्गणी’ टाळा. त्यात प्रत्येकाचा ठरलेला वाटा येतो. गावाकडं सप्त्याची ‘पट्टी’ म्हणतात तिच्यात तर सक्तीच आहे, पट्टी न देणाऱ्याचं नाव वर्षभर निघतं.

नांदेडहून

‘मदत’बद्दल सावध करतो. शब्द अरबीतून आला, पण आता पुरता आपला झालाय, त्यामुळं अडचण ती नाही. अडचण अशी की मराठवाड्यात ‘मदत’ म्हटलं की दुष्काळ नाहीतर अतिवृष्टी आठवते. ‘मदत आली का खात्यात?’ हा प्रश्न आपण दर साल ऐकतो. पत्रकावर ‘पशुवैद्यकीय मदत’ वाचून लोक अर्ज कुठं करायचा ते विचारायला येतील.

‘खैरात’चीही एक गोष्ट सांगतो. ‘खैर’ म्हणजे भलं, चांगलं, आणि खैरात हे त्याचं अनेकवचन. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो, कारभार उर्दूत चालायचा. माझी आजी हा शब्द आदरानं वापरायची. दर्ग्यासमोर वाटलेलं अन्न तिच्या तोंडी ‘खैरात’च होतं. आज ‘पैशाची खैरात’ म्हणजे उधळपट्टी. इतका भला शब्द असा खाली यावा, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

उदगीरहून

मी पशुवैद्य आहे. आधी एक दुरुस्ती, कारण पत्रकात हे हमखास चुकतं. ‘पशुवैद्य’ म्हणजे डॉक्टर, ‘पशुवैद्यक’ म्हणजे ते शास्त्र. ‘पशुवैद्यकांनी तपासलं’ असं आता सर्रास छापतात, मला ते खटकतं. गावात अर्थात आम्ही ‘ढोराचे डॉक्टर’, आणि त्यात मला काही कमीपणा वाटत नाही.

‘पाळीव प्राणी’ म्हटलं की शहरात कुत्रं-मांजर डोळ्यांपुढं येतं. इकडं दारात देवणी गाय, लाल कंधारी बैल, नाहीतर दोन उस्मानाबादी शेळ्या. त्यांना कुणी पाळीव प्राणी म्हणत नाही. तुमच्या निधीतून पार्व्हो झालेल्या कुत्र्याच्या पिल्लालाही सलाईन लागणार असेल, तर ‘मुकी जनावरं’ लिहा, दोन्ही त्यात मावतात. नुसतं ‘जनावर’ नको. रात्री ‘जनावर निघालं’ म्हटलं की आपल्याकडं लोक साप समजून काठी शोधतात!

‘दान’ मात्र लिहू नका. नोकरीच्या पहिल्या वर्षी पावसानं ओढ दिली होती. एका म्हाताऱ्या काकांच्या बैलानं सुकलेली कोवळी ज्वारी खाल्ली आणि त्याला किराळ लागली. अशा ज्वारीत सायनाइडचं विष तयार होतं. मी पोचलो तेव्हा बैल आडवा, तोंडाला फेस. सोडियम थायोसल्फेट शिरेतून दिलं, तासाभरात बैल उठला. काकांनी कनवटीची पिशवी सोडली, नोटा मोजल्या, पुरल्या नाहीत. मी म्हणालो, राहू द्या. ते म्हणाले, “दान नगं डॉक्टरसाहेब, सुगीला देतो.” सुगीत ते ज्वारीचं अर्धं पोतं डोक्यावर घेऊन दवाखान्यात आले. मी ते घेतलं.

विद्यार्थ्यांसाठी ‘शिष्यवृत्ती’ हा शब्द तयार आहे. वृत्ती म्हणजे उपजीविका. आंतरवासिता (इंटर्नशिप) धरून साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम, तेवढा काळ पोराचं पोट चालायला हवं, हे त्या शब्दातच आहे.

सेलूहून

मग ‘हातभार’ का नको? कडब्याचा भारा बांधला की एकट्या माणसाला तो डोक्यावर घेता येत नाही. बांधावरून जाणारा कुणीही थांबतो, एका बाजूनं हात लावतो, भारा डोक्यावर चढला की आपल्या वाटेनं जातो. ओझं ज्याचं त्यानंच वाहायचं, दुसऱ्यानं फक्त उचलू लागायचं. शिकणाऱ्या पोराला आणि अडलेल्या शेतकऱ्याला एवढंच हवं असतं. उदगीरच्या डॉक्टरसाहेबांच्या काकांनाही हा शब्द चालला असता.

परभणीहून

सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं : पत्रकावर ‘हातभार लावा’, पावतीवर ‘देणगी’, मुलांसाठी ‘शिष्यवृत्ती’, इलाजासाठी ‘मुक्या जनावरांचा उपचार निधी’. एकच अडचण उरली. दान देणारा दाता, देणगी देणारा देणगीदार. हातभार लावणाऱ्याला काय म्हणायचं? नावांच्या यादीला मथळा हवाय.

सेलूहून

त्याला वेगळं नाव कधी ऐकलं नाही. आमच्याकडं सप्त्याच्या पंगतीच्या फळ्यावर मथळा नसतोच, खडूनं नाव, गाव आणि रक्कम लिहितात. माझं असंच लिहा, ५०१.