सोमलाचं श्रेय कुणाला: खेड्यातल्या औषधाला की हार्बिनच्या वॉर्डाला?

भिंगवाला:
परवा सोसायटीच्या ग्रुपवर ढकलपत्र आलं: ‘चीनने प्राचीन औषधाने ब्लड कॅन्सर बरा केला आणि आपण रसशास्त्राला हसतो.’ (रसशास्त्र म्हणजे आयुर्वेदातली धातू-खनिजांपासून औषधं करण्याची शाखा.) त्यावर वाद झाला, तो इथे आणतोय.

ब्लड कॅन्सर म्हणजे इथे एकच प्रकार, ॲक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया, थोडक्यात एपीएल. यात रक्त गोठण्याची यंत्रणाच कोलमडते आणि एकेकाळी रोगी रक्तस्रावाने काही दिवसांत जायचा. आज त्यावरची मुख्य औषधं दोन: ‘अ’ जीवनसत्त्वापासून आलेलं ट्रेटिनॉइन आणि आर्सेनिक ट्रायऑक्साइड, म्हणजे आपला सोमल. दोन्ही चिनी अध्यापन रुग्णालयांतून पुढे आली.

सोमलाची हकीकत अशी. १९७१च्या सुमारास हार्बिन मेडिकल युनिव्हर्सिटीच्या पहिल्या संलग्न रुग्णालयातले डॉक्टर झांग तिंगदोंग आणि औषधनिर्माते हान ताइयुन यांच्यापर्यंत खेड्यात कॅन्सरवर वापरलं जाणारं एक औषध पोचलं. त्यात सोमल, पाऱ्याचा क्षार आणि भेकाचं विष होतं. हान यांनी त्याचं इंजेक्शन केलं. मग वॉर्डात दिसलं की भेकाच्या विषाने रक्तदाब चढतो आणि पारा मूत्रपिंडाला बाधतो. दोन्ही काढून टाकले. उरला सोमल. तोही सगळ्या ल्युकेमियांवर सारखा चालत नाही, एपीएलवर चालतो, हे रोग्यांच्या नोंदी वर्षानुवर्षं चाळून कळलं.

माझं मत: श्रेय या वगळण्याला आहे. ते खेड्यात झालं नव्हतं, झालं असतं असंही वाटत नाही.

रसवैद्य:
असहमत. भिंगवाले, वगळायला आधी हातात काहीतरी असावं लागतं! रक्ताच्या रोग्याच्या शिरेत सोमल घालावा हे प्रयोगशाळेतल्या कुणाला आपणहून सुचलं असतं का? सोमल, हरताळ, मनशीळ ही आर्सेनिकची रूपं आमची रोजची नावं, आणि शोधनाशिवाय, म्हणजे शुद्ध केल्याशिवाय, यातलं काही पोटात द्यायचं नाही हेही आमच्या ग्रंथांत आहे.

आणखी एक सांगतो, जे तुम्ही सोडलंत. चीनमध्ये मनशीळ आणि नीळ असलेल्या गोळ्या एपीएलवर देतात. २४२ रोग्यांवरची त्यांची चाचणी २०१३ साली छापून आली. शिरेतून दिलेल्या सोमलापेक्षा गोळ्या कमी पडल्या नाहीत. यात तर दोन्ही जिनसा पारंपरिकच आहेत. याला काय म्हणणार?

तिरकस:
सोमल काही चीनच्या खेड्याची मिरास नाही. इंग्लंडमध्ये टॉमस फाउलरने १७८६ मध्ये सोमलाचं द्रावण प्रसिद्ध केलं आणि १८६५ मध्ये जर्मनीत ते ल्युकेमियावर वापरलंसुद्धा. पांढऱ्या पेशी उतरायच्या, पुन्हा चढायच्या. एपीएल हा वेगळा रोग आहे हेच मुळी १९५७ साली नॉर्वेत लिहिलं गेलं. औषध जवळ असून कुणासाठी ते ठाऊक नाही, अशी शंभरएक वर्षं गेली. वैद्यबुवा, तुमच्या ग्रंथात एपीएल कुठल्या पानावर आहे?

अवांतर: जुन्या पोथ्यांत चुकलेल्या अक्षरांवर हरताळ लावायचे, त्यावरून ‘हरताळ फासणे’. आर्सेनिकचं खोडरबर!

लॅबवाली ताई:
तुम्ही तिघं सोमलातच अडकलात. निम्मा उपचार ट्रेटिनॉइन आहे आणि त्याला परंपरा-बिरंपरा काही नाही. शांघायच्या रुइजिन रुग्णालयातले वांग झेनयी यांचा विचार असा की कर्कपेशी मारण्याऐवजी तिला वयात आणता, म्हणजे तिची अडलेली वाढ पुरी करता येईल का. परदेशात प्रयोगशाळेत, काचेच्या भांड्यातल्या पेशींवर हे दिसलं होतं. शांघायमध्ये ट्रेटिनॉइन त्वचारोगांसाठी तयार मिळत होतं. १९८६ मध्ये पाच वर्षांच्या एका मुलीला ते दिलं आणि ती बरी झाली. १९८८ च्या शोधनिबंधात २४ रोगी होते, सगळ्यांचा रोग ओसरला, फक्त एकाला जोडीला केमो लागली.

कारण नंतर कळलं. १५ आणि १७ क्रमांकांच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होतात आणि दोन जनुकं जोडली जाऊन एक विचित्र प्रथिन तयार होतं. त्यामुळे पेशी अर्धवट वयात अडकते. ट्रेटिनॉइन त्या प्रथिनाच्या एका टोकाला चिकटतं, सोमल दुसऱ्या टोकाला, आणि प्रथिन मोडीत निघतं. रुइजिनचेच चेन झू आणि चेन साइजुआन, पॅरिसचे ह्यूग द ते, अशा बऱ्याच जणांचं हे काम.

मी रोज स्लाइड बघते. संध्याकाळी सात वाजता काड्यांच्या जुड्या भरल्यासारख्या एपीएलच्या पेशी दिसल्या की रिपोर्ट टाइप करत बसत नाही, आधी वॉर्डात फोन. जनुकाची तपासणी यायच्या आत ट्रेटिनॉइन सुरू होतं. आजही पहिल्याच आठवड्यात रक्तस्रावाने माणसं जातात, म्हणून.

शंकासुर:
सगळे खूश दिसताय, म्हणून जरा मीठ टाकतो. पाच वर्षांच्या मुलीला त्वचेचं औषध! हार्बिनला तर सांस्कृतिक क्रांतीचा काळ. तुलनेला दुसरा गट नाही आणि निबंध चिनी भाषेत, जगाने वाचलेच नाहीत. आपल्या जिल्हा रुग्णालयात कुणी असं केलं असतं तर आपण मोर्चा काढला असता.

भिंगवाला:
मोर्चा काढलाच असता, आणि निम्मा योग्य असता. पण त्या मुलीवर आधीची केमो चालली नव्हती, ती मरणाच्या दारात होती. तुलनेच्या गटाचं मात्र मान्य. पक्का पुरावा २०१३ मध्ये इटली-जर्मनीतून आला: चिठ्ठ्या टाकल्यासारखे रोगी दोन गटांत वाटले, एकाला ट्रेटिनॉइन आणि केमो, दुसऱ्याला ट्रेटिनॉइन आणि सोमल. दोन वर्षांनी रोग न उलटता जगलेले केमोच्या गटात ८६ टक्के, सोमलाच्या गटात ९७.

श्रेयाचं म्हणाल तर तेही उशिराच वाटलं गेलं. २०१८ मध्ये स्वीडनचं श्योबेरी पारितोषिक चेन झू आणि दोन फ्रेंच संशोधकांना मिळालं, त्यात झांग नाहीत. त्यांना आणि वांगना मिळून चीनचं फ्युचर सायन्स पारितोषिक २०२० मध्ये मिळालं.

रसवैद्य:
एपीएलचं पान नाही आमच्याकडे, कबूल. आणि एक गोष्ट मीच सांगतो, नाहीतर तिरकस सांगतील. माझ्याकडे एक गृहस्थ आले होते, तळहात जाड, खरखरीत, अंगावर पावसाचे थेंब पडावेत तसे डाग. दोन वर्षं कुणाकडून तरी बिनलेबलाची पुडी घेत होते. तपासणीत आर्सेनिक निघालं. त्या पुडीला मी रसौषधी म्हणत नाही. पण माझ्या गोळ्यांच्या प्रश्नाला अजून उत्तर नाही.

भिंगवाला:
देतो. त्या गोळ्यांत आर्सेनिक किती हे ठरलेलं होतं, रोग पक्का निदान झालेला होता आणि दोन्ही गटांना ट्रेटिनॉइन चालू होतं. म्हणून तो निकाल मी मानतो, परंपरेचा असूनही. तुम्ही आपल्याकडची एखादी रसौषधी घेऊन अशी चाचणी मांडा, पहिली वर्गणी माझी.

रसवैद्य:
स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

लॅबवाली ताई:
स्लाइडी मी बघेन. रविवार सोडून.